काचेचा सातबारा

शेंद्रे ते कागल महामार्गाचं सहापदरीकरण सुरू झाल्यापासून आमच्या साताऱ्यात पुढच्या काचा फुटायचा हंगामच आलाय. खडीच्या डंपरमागे दहा मिनिटं गाडी चालवली की हरभऱ्याएवढा खडा 'टक्' करून येतो आणि काचेवर पांढरा टवका सोडून जातो. माझ्या गाडीला तो उंब्रजच्या अलीकडे मिळाला, चार आण्याच्या नाण्याएवढा. 'बघू नंतर' म्हणत महिनाभर तसाच फिरलो. मग एप्रिलमधल्या एका दुपारी उन्हात तापलेल्या गाडीवर बादलीभर गार पाणी ओतलं. टवक्यातून एक चीर निघाली आणि भिंतीवरून पाल सरकावी तशी माझ्या डोळ्यांदेखत वायपरपर्यंत गेली. डंपरवाल्याला शिव्या द्यायची सोयही उरली नाही, कारण पाणी मीच ओतलं होतं.

पहिल्या दुकानात विचारणा झाली, "ओरिजिनल टाकू का लोकल?" भावात जवळजवळ दुपटीचा फरक. मी विचारलं, ओरिजिनल म्हणजे नक्की काय? उत्तर आलं, "ओरिजिनल म्हणजे ओरिजिनल, सर."

दुसरं दुकान गोडोलीकडचं. तिथले चाचा गेली कित्येक वर्षं काचाच बसवतात. त्यांनी माझ्या फुटक्या काचेचा खालचा कोपरा अंगठ्याने पुसला. धुळीखालून चार ओळींचा, नखाएवढ्या अक्षरांचा पांढरट शिक्का वर आला. "हा काचेचा सातबारा," ते म्हणाले. "हा वाचता आला की कोण काय विकतंय ते कळतं."

सात वर्षं ही गाडी चालवतोय, पण तो शिक्का मी एकदाही वाचला नव्हता. त्या दिवशी चाचांकडून आणि नंतर घरी नियम चाळून जे समजलं, ते इथे सांगतो.

आधी जात ओळखा

गाडीत मुख्यतः दोन जातींच्या काचा असतात. बाजूच्या आणि मागच्या बहुतेक काचा टफन, म्हणजे भाजून कडक केलेल्या. पुढची लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा घालून एकजीव केलेली.

टफन काच करताना साधी काच सहाशे अंशांच्या वर तापवतात आणि दोन्ही बाजूंनी गार हवेचे झोत सोडतात. वरचे थर लगेच आवळतात, आतला गाभा सावकाश गार होतो आणि आकसताना वरच्या थरांना आत ओढून धरतो. सकाळच्या कोरेगाव एसटीतली गर्दी आठवा. माणसं इतकी दाटून उभी असतात की ब्रेक लागला तरी कुणी पडत नाही, पडायला जागाच नसते. टफन काचेचा पृष्ठभाग तसा दाटलेला असतो, म्हणून त्यावर चीर उघडायला वाव मिळत नाही. साध्या काचेपेक्षा ती चार-पाच पट दणकट होते. पण घाव एकदा त्या दाटलेल्या थराच्या आत गेला, की साठवलेला सगळा ताण एकदम सुटतो आणि अख्खी काच खडीसाखरेच्या ढिगासारखी खाली येते. खड्यांना फारशी धार नसते, हा तिचा गुण.

लॅमिनेटेडचं वेगळं. प्रत्येकी साधारण दोन मिलिमीटरच्या दोन काचा, मध्ये पाऊण मिलिमीटरचा पीव्हीबी नावाचा पारदर्शक चिकट थर. हे सगळं मोठ्या प्रेशर कुकरसारख्या भांड्यात उष्णता आणि दाब देऊन एकजीव करतात. तव्यावरून नुकती उतरलेली गुळाची पोळी मोडून बघा. वरचा पापुद्रा तुटतो, पण आतला गूळ तुकडे धरून ठेवतो. ही काचही तडकते, जाळं उठतं, पण जागची हलत नाही. फ्रेंच रसायनतज्ज्ञ एदुआर बेनेदिक्त्यूस याच्या प्रयोगशाळेत १९०३ साली एक चंबू खाली पडला आणि तडकूनही विखुरला नाही, कारण आतून सेल्युलोज नायट्रेटचा पापुद्रा सुकून बसला होता. त्यातून त्याला ही कल्पना सुचली आणि १९०९ मध्ये त्याने पेटंट घेतलं, असं सांगतात.

शिक्का न बघता जात ओळखायची एक गंमतही आहे. पोलराइज्ड गॉगल घालून सकाळी किंवा संध्याकाळी पुढच्या गाडीच्या मागच्या काचेकडे बघा. बिबट्याच्या अंगावर असतात तसे ओळीने ठिपके दिसतात. गार हवेच्या झोतांनी उठवलेले ते ताणाचे वळ. लॅमिनेटेड काचेत असे ठिपके सहसा दिसत नाहीत.

पुढे टफन का चालत नाही? ती तर जास्त दणकट

हा प्रश्न मीही चाचांना विचारला. ते हसले आणि म्हणाले, "ऐंशीच्या स्पीडला डोळ्यासमोर एकदम पांढरं झालं तर गाडी कुठं नेणार?"

टफन काच फुटते ती पूर्ण. पूर्वी पुढे टफन असलेल्या गाड्यांत एक खडा बसला की क्षणात सगळी काच बर्फासारखी पांढरी व्हायची आणि ड्रायव्हर मुठीने भोक पाडून रस्ता बघायचा. आमच्या वडिलांच्या पिढीतले ट्रकवाले या गोष्टी रंगवून सांगत. लॅमिनेटेडला खडा लागला तर टवका पडतो, फार तर चीर जाते, रस्ता दिसत राहतो.

बाकीची कामं आपल्याला दिसत नाहीत. धडक बसली तर पट्टा न लावलेल्या माणसाला बाहेर फेकलं जाण्यापासून ती बरीचशी अडवते. डाव्या सीटसमोरची एअरबॅग उघडताना बहुतेक गाड्यांत याच काचेला टेकून माणसाकडे वळते. आताच्या गाड्यांत ही काच चौकटीला पीयू नावाच्या चिकट द्रव्याने पक्की चिकटवलेली असते, त्यामुळे गाडी उलटली तर छपराला तिचाही आधार मिळतो. जुन्या अँबेसेडर-पद्मिनीत ती नुसत्या रबरी बीडिंगात बसवलेली असायची, तेव्हा छपराला हा आधार नव्हता.

म्हणून १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०० प्रमाणे चारचाकीची पुढची काच लॅमिनेटेडच लागते. दुचाकी आणि शेतीचे ट्रॅक्टर त्यातून वगळलेले आहेत.

शिक्का वाचू या

शिक्का साधारणपणे खालच्या कोपऱ्यात असतो. मोबाईलने फोटो काढून मोठा करा, डोळे ताणू नका. क्रम कंपनीगणिक बदलतो, पण ऐवज तोच.

सगळ्यात वर काचेच्या कारखान्याचं नाव किंवा चिन्ह. आपल्याकडच्या गाड्यांवर बऱ्याचदा एआयएस, म्हणजे असाही इंडिया, किंवा सेंट-गोबेन सिक्युरिट दिसतं. सेंट-गोबेनचे कारखाने भोसरी-चाकणला आहेत, म्हणजे काच आपल्याच रस्त्याने आलेली असू शकते. सोबत कार कंपनीचा लोगो असेल किंवा नसेल.

मग जातीचा उल्लेख. काही काचांवर सरळ 'लॅमिनेटेड' किंवा 'टफन्ड', 'टेम्पर्ड' असं इंग्रजीत छापलेलं असतं. तिथेच अर्धं काम होतं.

आपल्या दृष्टीने सगळ्यात मोलाची खूण आयएसआय. चिन्हाच्या वर आयएस २५५३ हा मानकाचा क्रमांक असतो, त्यातला दुसरा भाग वाहनांच्या काचांचा. चिन्हाच्या खाली 'सीएम/एल' या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक. हा क्रमांक बीआयएस केअर या सरकारी ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाच्या नावावर आहे आणि चालू आहे का, ते दिसतं. सातबाऱ्यावरचं नाव तलाठ्याच्या दप्तराशी ताडून बघण्यासारखंच हे, फक्त चहा पाजावा लागत नाही.

मग गोलात इंग्रजी 'ई' आणि एक आकडा. इथे सगळे फसतात. ही युरोपीय मान्यतेची खूण. १ म्हणजे जर्मनी, २ फ्रान्स, ४ नेदरलँड्स, ११ ब्रिटन. पण तो देश मान्यता देणारा, काच तिथे बनलेली असेलच असं नाही. 'जर्मन काच आहे, सर' असं कुणी त्या १ कडे बोट दाखवून म्हणालं तर हसून सोडून द्या. शेजारचं '४३आर' म्हणजे काचांविषयीचा युरोपीय नियम क्रमांक ४३.

त्याच्याच आसपास रोमन आकडा असतो. एक उभी काठी म्हणजे टफन विंडशील्ड, विंडशील्ड म्हणजे पुढची काच. दोन काठ्या म्हणजे साधी लॅमिनेटेड विंडशील्ड, बहुतेक गाड्यांत हीच. तीन काठ्या म्हणजे विशेष प्रक्रिया केलेली लॅमिनेटेड. रोमन पाच, म्हणजे इंग्रजी 'व्ही'सारखी खूण, सत्तर टक्क्यांहून कमी प्रकाश आत सोडणाऱ्या गडद काचेची. ती मागच्या बाजूला ठीक, पुढे दिसली तर दुकान बदला.

'डॉट' आणि एक आकडा असेल तर ती अमेरिकी नोंद, आकडा कारखान्याचा. तिथलंच 'एएस-१' म्हणजे विंडशील्डला चालणारी लॅमिनेटेड, निदान सत्तर टक्के प्रकाश सोडणारी. 'एएस-२' बाजूला-मागे चालते, पुढे नाही. आपल्याकडे यांना कायद्याचं वजन नाही. पण निर्यातही करणारे कारखाने एकाच शिक्क्यात सगळ्या देशांच्या खुणा भरून टाकतात, म्हणून तो इतका गिचमिड दिसतो.

ठिपक्यांचं गणित

शिक्क्याच्या शेवटी एखादा सुटा आकडा आणि त्याच्या आगेमागे ठिपके दिसले, तर ती काचेची जन्मतारीख. प्रत्येक कारखान्याची रीत वेगळी, पण बरीच रूढ असलेली एक सांगतो. आकडा म्हणजे सालाचा शेवटचा अंक. ठिपके आकड्याच्या आधी असतील तर वर्षाचा पूर्वार्ध, आणि सातातून ठिपके वजा केले की महिना. नंतर असतील तर उत्तरार्ध, आणि तेरातून वजा करायचे. चाराच्या आधी तीन ठिपके म्हणजे एप्रिल. चाराच्या नंतर पाच म्हणजे ऑगस्ट. हे उलटं गणित का? छापायच्या जाळीवर दर महिन्याला नवा ठिपका पाडण्यापेक्षा आहे तो बुजवणं सोपं, एवढंच.

दशक मात्र कळत नाही. चार म्हणजे २०१४ की २०२४, ते गाडीवरून ठरवायचं.

याचा खरा उपयोग जुनी गाडी घेताना. काचा गाडीच्या थोड्या आधी बनतात, काही आठवडे ते काही महिने. गाडी २०१९ ची, तीन काचांवर नऊ किंवा आठ, आणि डाव्या मागच्या दारावर दोन, असं दिसलं तर तो फेरफार. फेरफार म्हणजे लबाडी नव्हे. गल्लीत क्रिकेटचा चेंडू लागला असेल. पण काच बदलली तेव्हा दारही बदललं का, रंग का बदलला, हे विचारायचा हक्क तिथे मिळतो. माझ्या आतेभावाने कराडला गाडी बघताना चारही काचा वाचल्या, तेव्हा एजंट म्हणाला, "दादा, गाडी घेताय का काच?"

आयएसआय आहे, म्हणजे काच गाडीला चालेल?

नाही. शिक्का काचेची जात आणि जामीनदार सांगतो. तुमच्या गाडीला काय काय लागतं, ते तो पूर्ण सांगत नाही.

एकाच मॉडेलच्या बेसिक आणि टॉप गाडीची काच मापाने तीच, पण टॉपमध्ये आरशामागे पावसाचा सेन्सर असू शकतो, कॅमेरा असू शकतो, आवाज कमी करणारा खास पापुद्रा असू शकतो. हा पापुद्रा असेल तर काही शिक्क्यांवर कानाचं चित्र किंवा 'अकूस्टिक' शब्द असतो. कॅमेऱ्याला बसायची जागा नसलेली काच घातली तर गाडीचं आपोआप ब्रेक लावणं बंद पडतं. जागा असली तरी काच बदलल्यावर कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. तो अंशभर जरी हलला, तरी पुढे पन्नास मीटरवरचा अंदाज जवळजवळ मीटरभर चुकतो.

आणि फास्टॅग. ऊन परतवणाऱ्या काही महागड्या काचांत धातूचा अतिपातळ थर असतो, तो रेडिओ लहरी अडवतो. म्हणून अशा काचेत आरशाजवळ थर नसलेला एक चौकोन सोडलेला असतो, बहुधा बारीक ठिपक्यांनी दाखवलेला. फास्टॅग त्या चौकोनातच लावायचा. आनेवाडी किंवा तासवडेच्या टोलनाक्यावर टॅगमध्ये पैसे असूनही दांडा उठत नसेल आणि मागचे हॉर्न वाजवत असतील, तर बँकेला फोन लावण्याआधी टॅग कुठे चिकटवलाय ते बघा.

कडेचा काळा पट्टा आणि त्याचे विरत जाणारे ठिपके शोभेचे नाहीत. ती काचेवर भाजलेली सिरॅमिक शाई, म्हणजे काचेच्याच पुडीचा काळा लेप. तिच्या सावलीत पीयू उन्हापासून वाचतं.

मग लोकल काच घ्यायचीच नाही?

'लोकल' हा शब्दच गोंधळाचा आहे. दुकानदार त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कोंबतात. एक, नावाजलेल्या काच कारखान्याची, आयएसआय असलेली, फक्त कार कंपनीचा लोगो नसलेली काच. बऱ्याचदा गाडीत कारखान्यातून आलेली काचही त्याच कंपनीची असते, लोगोचे पैसे तेवढे वाचतात. दुसरी, जिच्यावर कारखान्याचं नाव धड वाचता येत नाही आणि परवाना क्रमांक नाही. पहिली मी डोळे झाकून घेईन. दुसरी फुकट मिळाली तरी नको. तिच्यातून कडेला रस्ता लाटांसारखा हलतो आणि रात्री समोरच्या दिव्यांची दोन-दोन चित्रं दिसतात.

पहिल्या दुकानात मला 'ओरिजिनल' म्हणून दाखवलेल्या काचेवर कार कंपनीचं स्टिकर होतं. स्टिकर. नखाने निघालं. खालच्या शिक्क्यात आयएसआय नव्हतंच.

काच चांगली आणि बसवणारा घाईचा, तरीही फसगत होते. जुनं पीयू तारेने कापून त्याचा पातळ थर ठेवायचा, गंज असेल तर साफ करून प्रायमर मारायचा, मग नवं पीयू एकसंध ओढायचं आणि काच दोघांनी उचलून एका दमात ठेवायची. त्यानंतर ते सुकेपर्यंत काही तास गाडी हलवायची नाही. किती तास, ते पीयूच्या नळीवर लिहिलेलं असतं. "अर्ध्या तासात घेऊन जा" म्हणणाऱ्याला ती नळी दाखवायला सांगा.

विम्यात बसतं का?

बसतं, आणि एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. सर्वसमावेशक विम्यात प्लॅस्टिक-रबराच्या भागांवर पन्नास टक्के घसारा कापतात, काचेवर शून्य. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला हजार, त्यावर दोन हजार रुपये आपल्या खिशातून द्यायचे असतात. पण क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, आणि तो पन्नास टक्क्यांपर्यंत साठलेला असू शकतो. आधी तो हिशेब मांडा. स्वस्त काचेसाठी मोठा बोनस घालवणारे मी पाहिलेत. क्लेम करायचाच असेल तर फुटकी काच काढण्याआधी कंपनीला कळवा.

आणि काळी फिल्म?

पुढच्या-मागच्या काचेतून निदान सत्तर टक्के आणि बाजूच्या काचांतून पन्नास टक्के प्रकाश आत यायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये वरून चिकटवायच्या फिल्मवर सरसकट बंदी आणली. पुढे नियमाची भाषा बदलली आणि २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सांगितलं, की प्रकाशाची मर्यादा पाळणारी फिल्म चालते. पोवई नाक्यावर दुपारी दोन वाजता ट्रॅफिक पोलिसाला हा निकाल वाचून दाखवायची तयारी असेल त्याने लावावी.

लावणाऱ्याने गणित मात्र करावं. टक्के वजा होत नाहीत, गुणले जातात. काच मुळातच पंचाहत्तर टक्के सोडत असेल आणि फिल्म नव्वद टक्केवाली असेल, तर हाती येतात साडेसदुसष्ट. फिल्म 'नव्वदवाली' असूनही तुम्ही सत्तरच्या खाली.

बाजूच्या काचेचा शिक्काही वाचा

हे मी २०१९ च्या पुरानंतर शिकलो. गाडी पाण्यात अडकली आणि दार उघडेना, तर बाजूची काच फोडून बाहेर पडायचं. टोकदार हातोडीने, मध्यावर नव्हे, कोपऱ्याजवळ मारायचं. टफन असेल तर एका घावात खडीसाखर होते. पण काही महागड्या गाड्यांत आता पुढच्या दारांच्या काचाही लॅमिनेटेड येतात, शांततेसाठी. तिथे हातोडी मारत बसलात तर जाळं उठेल, वाट मिळणार नाही. आपल्या गाडीच्या कुठल्या दाराची काच टफन आहे, ते आजच उतरून बघा. पाऊस सुरू झाल्यावर नको.

टवका लगेच भरता येतो

नाण्याएवढा टवका, ड्रायव्हरच्या थेट नजरेत नसेल आणि कडेपासून लांब असेल, तर त्यात रेझिन, म्हणजे सुकून घट्ट होणारं पारदर्शक द्रव्य, भरून थांबवता येतो. खूण पूर्ण जात नाही, चीर थांबते. तोपर्यंत त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावून ठेवायची, म्हणजे धूळ-पाणी आत जात नाही. तापलेल्या काचेवर गार पाणी नाही, की एसीचा झोत थेट काचेवर नाही. दोन्ही मला आता पाठ आहेत.

चाचांनी माझी काच बसवली तेव्हा साडेतीन वाजले होते. कडेने निळ्या चिकटपट्ट्या मारल्या, एक खिडकी बोटभर उघडी ठेवली, म्हणजे दार आपटलं तरी आतली हवा ओल्या पीयूवर दाब देणार नाही. मग कोपरा पुसून म्हणाले, "वाचा." आयएसआय, सीएम/एल, दोन काठ्या, पाचाच्या नंतर दोन ठिपके. तेरातून दोन गेले, नोव्हेंबर. गाडी रात्रभर तिथेच ठेवायची ठरली. मी पोवई नाक्यापर्यंत चालत निघालो आणि वाटेत उभ्या असलेल्या गाड्यांच्या कोपऱ्यात वाकून बघत गेलो. तिसऱ्या गाडीत माणूस बसलेला होता. त्याने काच खाली केली आणि विचारलं, "काय पडलंय का, काका?"